ऑर्किडचा व्यापार, परवाने आणि एक जुनी शंका

१/२४
व्यापाराच्या इतिहासावरील धागे लिहिताना बहुतेक वेळा उपयोगाच्या वस्तू समोर येतात. मसाले, नीळ, कापूस, अफू. आजचा विषय निराळा आहे. केवळ पाहण्यासाठी विकत घेतले जाणारे, पण ज्याच्यापायी डोंगरच्या डोंगर ओरबाडले गेले, असे एक फूल. जग त्याला ऑर्किड म्हणते, मराठीत आमरी. या फुलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर गेली पन्नास वर्षे एक सविस्तर कायदा लागू आहे. त्या कायद्याच्या हेतूविषयी मला आदर आहे. त्याच्या अंमलबजावणीविषयी मात्र माझ्या मनात शंका आहे, आणि ही शंका इतिहास वाचूनच वाढत गेली आहे.

२/२४
पुण्यातल्या घराच्या पूर्वेकडील खिडकीत मी गेली पंधरा वर्षे ऑर्किड वाढवतो. सगळी रोपवाटिकेतली, ऊतीसंवर्धनातून आलेली. फूल दोन-तीन महिने टिकते, मग वर्षभर नुसती पाने आणि मुळे. त्या रिकाम्या महिन्यांत जुनी प्रवासवर्णने आणि नवे संशोधन-निबंध वाचण्याची सवय लागली. वाचता वाचता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येऊ लागला. एखादे झाड वाचले की नाही, हे आपण कुठे जाऊन तपासतो? ते ज्या कड्यावर वाढते तिथे, की ज्या टेबलावर त्याचे कागद तपासले जातात तिथे? आजच्या धाग्याचा रोख या एका प्रश्नावर आहे.

३/२४
आरंभ भारतातून करू. १८५० साली जोसेफ डाल्टन हूकर हा तरुण इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आपला मित्र थॉमस थॉमसन याच्यासह खासी टेकड्यांत, म्हणजे आजच्या मेघालयात, हिंडत होता. तिथल्या ओकच्या विरळ झाडीत त्याला निळी वांडा बहरलेली दिसली. ऑर्किडमध्ये निळा रंग विरळा. त्यामुळे इंग्लंडात या फुलाचे वेड होते. हूकरने लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानासाठी सात माणसांच्या ओझ्याइतकी रोपे गोळा करवली. वाटेतल्या अडचणींमुळे त्यांतली फारच थोडी जिवंत पोहोचली.

४/२४
१८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिमालयातील दैनंदिनीत हूकरने या प्रसंगाचा हिशेबही दिला आहे. एका गृहस्थाने जागा पाहून ठेवण्यासाठी आपला माळी त्याच्याबरोबर धाडला होता. त्या गृहस्थाने एका माणसाचे ओझे इंग्लंडला पाठवले. माल वाईट अवस्थेत पोहोचला, तरी त्याचे ३०० पौंड आले. एकेक रोप ३ ते १० पौंडांना गेले. उद्योगी माणसाने मनावर घेतले, तर खासी टेकड्यांतील ऑर्किडवर एका हंगामात २,००० ते ३,००० पौंड सहज सुटतील, असा हूकरचा अंदाज होता. अभ्यासकाच्या वहीत बाजारभाव असा सहज येऊन बसतो. पुढच्या दीडशे वर्षांची गोष्ट या हिशेबात आहे.

५/२४
त्याच मुक्कामातून लिहिलेल्या एका पत्रात हूकर वेगळ्या सुरात बोलतो. खासी टेकड्यांत इतक्या जणांचे संग्राहक एकाच वेळी उतरले होते की रस्त्यांच्या कडेची झाडे उघडी पडू लागली होती. मैलोन्‌मैल पाहावे तर वादळाने वाटेवर कुजक्या फांद्या आणि ऑर्किड पसरून ठेवावीत, तसे दृश्य दिसे. हे चित्र रंगवणारा हूकर स्वतः सात ओझी भरवत होता. ढोंगीपणाचा आरोप त्याच्यावर करण्यात अर्थ नाही. त्या काळी याला लूट म्हणणारा कायदा नव्हता आणि तसे म्हणण्याची रीतही नव्हती.

६/२४
लूट म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी दक्षिण अमेरिकेत जाऊ. अल्बर्ट मिलिकन या इंग्रज ऑर्किड-शोधकाचे प्रवासवर्णन १८९१ साली प्रसिद्ध झाले. कोलंबियाच्या डोंगरांत पांढऱ्या, झालरदार फुलांच्या एका जातीची सुमारे १०,००० रोपे त्याने दोन महिन्यांत जमवली. ही रोपे उंच झाडांच्या फांद्यांवर वाढतात. वर चढण्यापेक्षा झाड पाडणे सोपे, म्हणून सुमारे ४,००० झाडे तोडली गेली. मिलिकनने हा आकडा लपवला नाही. कामाचा आवाका म्हणून त्याने तो नोंदवला आहे.

७/२४
या व्यापाराचा राजा म्हणजे फ्रेडरिक सँडर. जन्माने जर्मन, व्यवसाय इंग्लंडातील सेंट आल्बन्स येथे. त्याचे शोधक जगभर पसरलेले असत. हिमालयातील एक 'लेडीज स्लिपर', म्हणजे चपलेसारख्या पाकळीचे ऑर्किड, १८५७ साली इंग्लंडात फुलले आणि पुढे लागवडीतून नाहीसे झाले. मूळ ठिकाण कोणालाच नीट ठाऊक नव्हते. सँडरने ते शोधून देणाऱ्यास १,००० पौंडांचे बक्षीस लावले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते भूतानच्या बाजूला पुन्हा सापडले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या फुलाची किंमत त्याच्या रूपाइतकीच त्याच्या हरवलेपणातून आली होती.

८/२४
ही सारी लूट होण्यामागे एक साधे कारण होते. ऑर्किडचे बी रुजवता येत नसे. एका बोंडात लाखो बिया असतात, पण धुळीसारख्या सूक्ष्म. कोंबाला पोसायला त्यांत अन्नसाठा नसतो. फ्रान्सच्या नोएल बर्नार याने १८९९ साली दाखवले की निसर्गात एक विशिष्ट बुरशी या बीला पोसते, तेव्हाच ते रुजते. १९२२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन याने बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, बाटलीत बी रुजवून दाखवले. जे रोप मिळवण्यासाठी झाड पाडावे लागे, ते आता काचेच्या बाटलीत तयार होऊ लागले.

९/२४
१९६० साली फ्रान्सच्याच जॉर्ज मोरेल याने कोंबाच्या टोकातील पेशींपासून एकाच रोपाच्या असंख्य प्रती काढण्याची वाट दाखवली. आज मंडईबाहेरच्या फुलवाल्याकडे किंवा विमानतळावरच्या दुकानात जे ऑर्किड दिसते, ते या दोन शोधांचे अपत्य. ऑर्किड स्वस्त झाले. रोपवाटिका भरल्या. सर्वसाधारण हौशी माणसाला जंगलातल्या रोपाची गरज उरली नाही. हे सारे घडले तेव्हा या व्यापाराला आवरणारा कोणताही आंतरराष्ट्रीय कायदा अस्तित्वात नव्हता, हा कालक्रम माझ्या शंकेचा पहिला आधार आहे.

१०/२४
कायदा आला १९७३ साली. त्या वर्षी ३ मार्च रोजी वॉशिंग्टन येथे संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा करार झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'साइट्स' म्हणतात. तो १ जुलै १९७५ पासून लागू झाला. भारत १९७६ साली त्यात सामील झाला. कराराला तीन परिशिष्टे आहेत. पहिल्यात अत्यंत धोक्यातील जाती. त्यांच्या जंगली नमुन्यांचा धंद्यासाठी व्यापार बंद. दुसऱ्यात परवान्यावर व्यापार करता येण्याजोग्या जाती. तिसरे एखाद्या देशाच्या विनंतीवरून. प्रत्येक पेटीसोबत निर्यातदार देशाचा कागद हवा, हे याचे सूत्र.

११/२४
ऑर्किडचे संपूर्ण कुल या यादीत घातले गेले. हत्ती म्हटले की दोन-तीन जाती. ऑर्किड म्हटले की २५,००० हून अधिक. त्यामुळे साइट्सच्या याद्यांतील एकूण जातींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक ऑर्किडच आहेत. यामागचे कारण योग्य होते. फूल नसताना एक ऑर्किड दुसऱ्यापासून ओळखणे तज्ज्ञालाही जड जाते. धोक्यातली जात निर्धोक जातीच्या नावाखाली जाऊ नये, म्हणून सगळ्यांनाच कुंपणात घेतले. १९८९ सालच्या लोझान परिषदेत आशिया आणि अमेरिका खंडांतील चपलेसारख्या फुलांच्या दोन प्रमुख प्रजाती सरसकट पहिल्या परिशिष्टात गेल्या. कुंपण मोठे झाले. राखणदार मात्र त्या मानाने वाढले नाहीत.

१२/२४
भारताने स्वतःचीही पावले उचलली. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आरंभी प्राण्यांपुरता होता. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात वनस्पतींची अनुसूची आली. तीत सहा नोंदी होत्या आणि त्यांतल्या तीन ऑर्किडच्या: निळी वांडा, तांबडी वांडा आणि लेडीज स्लिपर. हूकरने सात ओझी भरलेले फूल असे १४१ वर्षांनी कायद्याच्या आश्रयाला आले. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या याद्यांना देशांतर्गत कायद्यात स्वतंत्र स्थान दिले. कागदावर पाहिले तर उणीव काढण्यास फारशी जागा नाही.

१३/२४
आता कागदावरून टेबलाकडे येऊ. विमानतळावर एक खोके उघडले जाते. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली, फुले नसलेली दोनशे रोपे. परवान्यावर लिहिले आहे, 'कृत्रिम रीतीने वाढवलेली'. खरे-खोटे ओळखण्याच्या खुणा आहेत. जंगलातल्या रोपाच्या पानांवर किड्यांचे डंख, ओरखडे, दगडफुलाचे ठिपके असतात. मुळे झाडाच्या सालीच्या आकाराने वळलेली आणि ओरबाडताना तुटलेली असतात. रोपवाटिकेतली रोपे एका वयाची आणि एका मापाची दिसतात. पण हे जाणणारा माणूस त्या टेबलापाशी हवा, त्याला वेळ हवा, आणि हस्तिदंत, सोने व अमली पदार्थ यांच्या रांगेत पानांच्या खोक्याकडे लक्ष द्यावे असे त्याच्या वरिष्ठांनाही वाटले पाहिजे.

१४/२४
शिवाय या खुणा पुसता येतात. जंगलातले रोप रोपवाटिकेत वर्षभर ठेवले की नवी पाने येतात, नवी मुळे कुंडीत सरळ वाढतात. मग त्याच्या जन्माविषयी कागद जे सांगेल ते खरे. संशोधक अमी हिन्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, १९९६ ते २०१५ या काळात साइट्सच्या नोंदींत १.१ अब्जाहून अधिक जिवंत ऑर्किडांचा व्यापार दिसतो, आणि त्यांतली ९९.९ टक्क्यांहून अधिक कृत्रिम रीतीने वाढवलेली म्हणून नोंदलेली आहेत. आकडा मोठा समाधानकारक आहे. मात्र नोंदवहीत तेवढेच येते, जे कोणी नोंदवायला आणते.

१५/२४
नोंदवहीबाहेर काय असते? जेकब फेल्प्स आणि टेड वेब या अभ्यासकांनी थायलंडमधील वनस्पती-बाजारांची पाहणी करून २०१५ साली निबंध प्रसिद्ध केला. त्यांना त्या बाजारांत ९३ प्रजातींमधील ३४७ जातींची ऑर्किड आढळली. त्यांतली बरीच शेजारच्या लाओस आणि म्यानमारमधून सीमा ओलांडून आलेली होती. अधिकृत नोंदींत या आवकेचा जवळजवळ मागमूस नव्हता. हा व्यापार गुप्त तळघरांत चालत नव्हता. तो फुटपाथवर, टोपल्यांत, किलोच्या भावाने, दिवसाढवळ्या चालू होता. अभ्यासकांनी त्याला 'अदृश्य' म्हटले. पाहणारे कोणी नव्हते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

१६/२४
जेथे कायद्याने खरोखर हात उगारला, तेथे काय झाले तेही पाहू. २००२ सालच्या मे महिन्यात मायकेल कोव्हॅक या अमेरिकन माणसाने पेरू देशात रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून एक ऑर्किड विकत घेतले. गडद गुलाबी-जांभळे फूल, रुंदी सुमारे २० सेंटिमीटर. असे काही शास्त्राला ठाऊकच नव्हते. कोव्हॅकने परवान्याशिवाय ते फ्लॉरिडाला नेले आणि ५ जून रोजी मेरी सेल्बी वनस्पतिउद्यानात दिले. १२ जूनला, म्हणजे एका आठवड्यात, उद्यानाच्या शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दुसरा एक तज्ज्ञ त्याच फुलाला वेगळे नाव देण्याच्या तयारीत होता, म्हणून ही घाई. फूल कोव्हॅकच्या नावाने अजरामर झाले.

१७/२४
पेरूने तक्रार केली; अमेरिकेत खटला उभा राहिला. उद्यानाने गुन्हा कबूल केला. शिक्षा: ५,००० डॉलर दंड आणि तीन वर्षांची परिवीक्षा. कोव्हॅकला १,००० डॉलर दंड आणि दोन वर्षांची परिवीक्षा. या शिक्षा होईपर्यंत पेरूतल्या त्या डोंगरउतारावर काय उरले होते? बातमी फुटताच संग्राहकांनी ठाऊक असलेल्या जागा ओरबाडून मोकळ्या केल्या होत्या. पुढे पेरू सरकारने मोजकी रोपे काढून रोपवाटिकेत बी रुजवण्याची परवानगी दिली आणि काही वर्षांत कायदेशीर रोपे बाजारात आली. न्यायालयाने आपले काम केले. त्याचा निकाल लागला, तेव्हा डोंगराचा निकाल केव्हाच लागलेला होता.

१८/२४
शिक्षेच्या मोजमापाविषयीही विचार करावा लागतो. २००४ साली टेक्सासमधल्या एका वयोवृद्ध ऑर्किड-विक्रेत्याला १७ महिन्यांची कैद झाली. त्याच्याकडे पेरूहून येणाऱ्या खोक्यांत कागदावर एका जातीचे नाव आणि आत दुसरीच जात, असा प्रकार आढळला होता. २००६ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ऑर्किडसह पकडलेल्या एका संशोधकाला चार महिने कैद झाली. ही माणसे निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. पण ज्याच्याकडे पत्ता, कागद आणि सामानाची पेटी आहे, तोच सापडतो. टोपली घेऊन सीमा ओलांडणारा आणि त्या टोपलीची मागणी नोंदवणारा, दोघेही त्या टेबलापाशी कधी येतच नाहीत.

१९/२४
सर्वांत जड उदाहरण व्हिएतनामचे आहे. त्या देशाच्या उत्तरेकडील चुनखडीच्या डोंगरांतून १९९९ साली एका लेडीज स्लिपरचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. देशाच्याच नावावरून त्याला 'व्हिएतनामेन्स' हे नाव मिळाले. ही जात जन्मतःच पहिल्या परिशिष्टात होती, कारण तिची सबंध प्रजातीच तिथे होती. म्हणजे कायद्याचे सर्वोच्च संरक्षण तिला पहिल्या दिवसापासून लाभले. काही वर्षांतच ती निसर्गातून जवळपास नाहीशी झाली. आज तिची गणना 'अतिसंकटग्रस्त, निसर्गातून बहुधा नामशेष' अशी होते. जगभरच्या हरितगृहांत ती फुलते. ज्या कड्यांवर ती वाढत होती, ते कडे रिकामे आहेत.

२०/२४
दूरच्या देशांची ही गोष्ट वाचताना मला एका प्रदर्शनातला विक्रेता आठवतो. दोन सारखी दिसणारी रोपे दाखवून तो मला म्हणाला होता, "हे नर्सरीचं, तीनशे रुपये. आणि हे डोंगरातलं अस्सल, सातशे." लपवाछपवी नव्हती, अभिमान होता. हिन्सली यांनीच २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका आंतरराष्ट्रीय समाजमाध्यमावरील ऑर्किडप्रेमींचे १५० गट बारा आठवडे पाहिले गेले. विक्रीच्या संदेशांपैकी २२ ते ४६ टक्के जंगलातून काढलेल्या रोपांचे होते. म्हणजे 'जंगली' हा शब्द कायद्याच्या भाषेत आरोप आहे, तर बाजाराच्या भाषेत दर्जा. जोवर असे आहे, तोवर बाटलीतले रोप कितीही स्वस्त झाले तरी डोंगरातल्या रोपाला गिऱ्हाईक राहणारच.

२१/२४
आपल्या घरातही ऑर्किड असते, केवळ फुलाच्या रूपात नसते. च्यवनप्राशातील अष्टवर्गाच्या आठ वनस्पतींपैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार हिमालयातील ऑर्किड मानल्या जातात. यांचे कंदच उपटावे लागतात. कंद गेला की झाड गेले. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथात अष्टवर्ग राजांनाही दुर्मिळ असल्याचे सांगून वैद्यांसाठी पर्याय दिले. जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. नडसनची बाटली आणि भावमिश्राची प्रतिनिधिद्रव्ये यांत मला एक नाते दिसते. दोघांनीही मागणीला दुसरा रस्ता दिला. तो दिलेला रस्ता बंदीपेक्षा अधिक टिकला.

२२/२४
मग कायदा निरर्थक म्हणावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. साइट्स नसता, तर वर सांगितलेले अब्जाचे आकडे मोजले गेले नसते, पेरूला तक्रार करण्यास जागा नसती, आणि मोठ्या रोपवाटिकांना आपला माल कुठून आला हे सांगण्याचे बंधन नसते. मिलिकनसारखी १०,००० रोपे उघड जहाजात भरणे आज शक्य नाही, हेही खरे. माझा आक्षेप वेगळा आहे. परवान्यांची संख्या वाढली, जप्त्या झाल्या, परिषदा पार पडल्या, यालाच आपण संरक्षण समजू लागलो आहोत. रोपवाटिकेतल्या कोट्यवधी निरुपद्रवी रोपांचे कागद तपासण्यात जो वेळ जातो, तो त्या थोड्या जातींच्या वाट्याला येत नाही ज्यांचे उरलेले आयुष्य महिन्यांत मोजावे लागते.

२३/२४
राखण खरोखर कशी होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथले मूळचे लेडीज स्लिपर व्हिक्टोरियन हौसेने संपल्याचे मानले जात होते. १९३० साली यॉर्कशरमध्ये त्याचे एकच रोप सापडले. मूठभर लोकांनी त्याची जागा गुप्त ठेवली आणि वर्षानुवर्षे, पिढी बदलली तरी, फुलण्याच्या दिवसांत त्याच्यावर पहारा ठेवला. पुढे क्यू येथील शास्त्रज्ञांना त्याचे बी रुजवण्यात यश आले आणि नवी रोपे पुन्हा रानात लावली गेली. यात सीमेवरचा कागद कुठेच नव्हता. त्या जागी जाऊन बसणारी माणसे होती आणि पाठीशी प्रयोगशाळा होती. लाओसमधल्या किंवा अरुणाचलातल्या गावकऱ्याला असे बसणे परवडेल, यासाठी किती पैसा खर्च होतो, हा प्रश्न मला परवान्यांच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

२४/२४
आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ नव्या ऑर्किडचे वर्णन छापताना नेमके ठिकाण मुद्दाम वगळतात. एकेकाळी सँडरसारखे व्यापारी प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून जागा लपवत. आता शास्त्रज्ञ व्यापाऱ्याला कळू नये म्हणून लपवतात. पन्नास वर्षांच्या कायद्यानंतर, जाणणाऱ्या माणसांचा विश्वास शेवटी मौनावर बसला आहे, याहून स्पष्ट अभिप्राय कोणता असणार? तेव्हा एक साधी विनंती. येत्या पावसाळ्यात सह्याद्रीत फिरताना एखाद्या फांदीवर आमरी फुललेली दिसली, तर छायाचित्र अवश्य काढा आणि सर्वांना दाखवा. फक्त ती कोणत्या घाटात, कोणत्या वळणावर दिसली, ते लिहू नका.